एक्सचेंज सर्व्हरच्या सर्व्हिसेस सुरू होत नसतील तर शोध कोठून सुरू करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात एकाच यंत्रावर हायपर-व्ही, म्हणजे एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवण्याची विंडोजची सोय, असून त्यावर दोन व्हर्च्युअल मशीन चालतात. एकावर डोमेन कंट्रोलर, म्हणजे कार्यालयातील खाती व संगणकांची ओळख सांभाळणारा सर्व्हर, आहे आणि दुसऱ्यावर विंडोज सर्व्हर २०१९ व एक्सचेंज २०१९ हा मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर. रविवारी रात्री वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपली, आणि सोमवारी सकाळी सारे काही चालू केल्यावर एक्सचेंजच्या बहुतेक सर्व्हिसेस बंदच राहिल्या. ‘मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज ट्रान्सपोर्ट’ हाताने सुरू करायला गेल्यास १०६८ क्रमांकाची एरर येते, ‘इन्फर्मेशन स्टोअर’चेही तेच. दोन वेळा रीस्टार्ट करूनही फरक पडलेला नाही. मेलच्या रांगेचा डेटाबेस पुसून टाकावा, तेवढ्याने न भागल्यास मेलबॉक्स डेटाबेसवर ईएसईयूटिल या डेटाबेस-साधनाची दुरुस्ती चालवावी आणि शेवटी एक्सचेंज पुन्हा इन्स्टॉल करावे, असा सल्ला प्रश्नकर्त्याला मिळाला आहे, आणि यांपैकी काय करावे असे विचारले आहे.

यांपैकी काहीही आज करू नये. १०६८ या एररचा अर्थ एवढाच आहे की आपण जी सर्व्हिस सुरू करत आहात ती ज्या दुसऱ्या सर्व्हिसवर अवलंबून आहे ती सुरू झालेली नाही. ट्रान्सपोर्टमध्ये बिघाड आहे असे विंडोज म्हणतच नाही. ट्रान्सपोर्टचा प्रोग्रॅम चालवण्याचा प्रयत्नसुद्धा विंडोजने अद्याप केलेला नाही. जो प्रोग्रॅम उघडलाच गेला नाही त्याची रांग खराब आहे की चांगली, हे ठरवायला कोणताही पुरावा आपल्या हाती नाही, आणि पुराव्यावाचून मेलच्या डेटाबेसला हात लावणे हा या क्षेत्रातला सर्वांत महागडा उद्योग आहे.

घाईचे कारणही तितकेसे नाही. बाहेरून येणारे मेल हरवत नाहीत, ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर थांबून राहतात. एसएमटीपी या मेल पोहोचवण्याच्या पद्धतीचे मानक, म्हणजे आरएफसी ५३२१, साधारणपणे किमान ४ ते ५ दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहावे असे सांगते. सगळेच सर्व्हर तेवढा धीर धरत नाहीत. समोरच्याकडेही एक्सचेंज असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे ते २ दिवसांतच मेल परत पाठवते. म्हणून मंगळवारी संध्याकाळपर्यंतचा वेळ आपल्या हाती आहे असे धरावे, संचालकांना तसे स्पष्ट सांगावे आणि शांतपणे कामाला लागावे.

एक्सचेंज २०१३ पासून पुढच्या आवृत्त्यांत बहुतेक सगळ्या सर्व्हिसेस ‘मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज ॲक्टिव्ह डिरेक्टरी टोपोलॉजी’ या एका सर्व्हिसवर अवलंबून असतात. जवळपास कोणते डोमेन कंट्रोलर आणि कोणते ग्लोबल कॅटलॉग (संपूर्ण डिरेक्टरीची संक्षिप्त सूची ठेवणारे डोमेन कंट्रोलर) वापरण्याजोगे आहेत हे शोधून बाकीच्यांना सांगणे हे तिचे काम. एक्सचेंज आपली मांडणी, म्हणजे कनेक्टर, डेटाबेसची यादी, कोणत्या सर्व्हरचे काम काय, हे सारे स्वतःच्या डिस्कवर ठेवत नाही. ते ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेन कंट्रोलरवरच्या सामाईक नोंदसंग्रहात, राहते. त्यामुळे डिरेक्टरीशी बोलणे झाले नाही तर सर्व्हरला आपण कोण आहोत हेच कळत नाही, आणि मग डिस्कवरचे मेलबॉक्स कितीही सुस्थितीत असले तरी उपयोग नसतो. या टोपोलॉजी सर्व्हिसच्याही खाली ‘नेट टीसीपी पोर्ट शेअरिंग’ नावाची विंडोजची स्वतःची एक सर्व्हिस आहे. सुरक्षेच्या तपासणीत दिलेली यादी डोळे मिटून राबवताना ती ‘अनावश्यक’ म्हणून डिसेबल करून ठेवलेली मी पाहिली आहे. असा बदल केल्यावर त्या दिवशी काही बिघडत नाही, पुढच्या रीस्टार्टला सगळे आडवे होते, आणि तोपर्यंत त्या यादीची आठवण कोणाला राहिलेली नसते.

तेव्हा पहिले काम म्हणजे सर्व्हिसेसच्या खिडकीत ट्रान्सपोर्टचे प्रॉपर्टीज उघडून ‘डिपेंडन्सीज’ या टॅबवर जाणे आणि तेथून एकेक पायरी खाली उतरत जी सर्व्हिस स्वतः बंद आहे, पण जिच्या खालचे सारे सुरू आहे, तिच्यापर्यंत पोहोचणे. खरा आजार तिचा. वरच्या सगळ्यांची फक्त लक्षणे आहेत. हीच माहिती इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्येही असते: ‘सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर’ने नोंदवलेल्या ७००१ क्रमांकाच्या नोंदीत अमुक सर्व्हिस तमुकवर अवलंबून असून ती सुरू न झाल्याने अडली, असे नावानिशी लिहिलेले असते. येथे एक पथ्य पाळावे. मदत मागताना बहुतेक जण लॉगमधल्या सर्वांत शेवटच्या एररचा फोटो पाठवतात, आणि नेमका तोच निरुपयोगी असतो. मशीन सुरू झाल्यावर इव्हेंट लॉगची स्वतःची ६००५ ही नोंद पडते. तेथपासून पुढे, जुन्याकडून नव्याकडे, वाचत जावे. पहिली लाल नोंद बहुधा सगळी गोष्ट सांगून जाते.

आपल्या बाबतीत वीज, एकच यंत्र आणि दोन मशीन एकाच वेळी सुरू होणे हे पाहता ती पहिली नोंद टोपोलॉजीचीच असेल असा माझा कयास आहे. डोमेन कंट्रोलरला उठून डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) व डिरेक्टरी पूर्ण उभी करायला काही मिनिटे लागतात, विशेषतः तो अचानक बंद पडलेला असेल तर. एक्सचेंजचे मशीन त्याच क्षणी उठले, त्याने डोमेन कंट्रोलर शोधला, सापडला नाही, आणि सर्व्हिसेस एकामागून एक पडल्या. पण एवढेच असते तर डोमेन कंट्रोलर स्थिर झाल्यानंतर केलेल्या रीस्टार्टने प्रश्न सुटायला हवा होता. फक्त एक्सचेंजचे मशीन रीस्टार्ट केले होते की पूर्ण यंत्र, हे प्रश्नात नाही. पूर्ण यंत्र रीस्टार्ट केले असेल तर तीच शर्यत आपण पुन्हा दोन वेळा लावली, इतकेच झाले. म्हणून आधी डोमेन कंट्रोलरवर जाऊन तो खरोखर तयार आहे याची खात्री करावी आणि मगच एक्सचेंजकडे वळावे.

ही खात्री करणे म्हणजे लॉगिन होते का एवढे पाहणे नव्हे. डोमेन कंट्रोलरवर ‘नेट शेअर’ ही आज्ञा द्यावी. सिसव्हॉल आणि नेटलॉगॉन या दोन्ही सामाईक फोल्डरांची नावे यादीत दिसली पाहिजेत. ती नसतील तर तो स्वतःला डोमेन कंट्रोलर म्हणून जाहीरच करत नाही आणि एक्सचेंजने त्याला नाकारणे योग्यच आहे. ‘डीसीडायग’ चालवून त्यातील डीएनएस व ॲडव्हर्टायझिंगच्या चाचण्या उत्तीर्ण होतात का ते पाहावे. नंतर नेटवर्कचे प्रोफाइल पाहावे. अचानक बंद पडून उठलेला डोमेन कंट्रोलर कधी कधी आपल्या नेटवर्कला ‘डोमेन’ऐवजी ‘पब्लिक’ समजतो, कारण नेटवर्क ओळखणारी सर्व्हिस डिरेक्टरीच्या आधीच जागी झालेली असते. फायरवॉलचे नियम कार्यालयाने किंवा अँटिव्हायरसने प्रोफाइलनुसार कडक केलेले असतील तर या एका गैरसमजाने डिरेक्टरीचे दरवाजे बंद होतात. नेटवर्क अडॅप्टर एकदा डिसेबल करून पुन्हा एनेबल केल्यावर प्रोफाइल बहुधा जागेवर येते. मात्र हे काम हायपर-व्हीच्या कन्सोलवरून करावे; रिमोट डेस्कटॉपवरून केल्यास आपणच बाहेर अडकून पडतो.

आता एक्सचेंजच्या मशीनवर या. टोपोलॉजी बंद असताना एक्सचेंज मॅनेजमेंट शेल उघडणार नाही. तो उघडत नाही म्हणून घाबरू नये, साधा पॉवरशेल आणि इव्हेंट व्ह्यूअर पुरेसे आहेत. ॲप्लिकेशन लॉगमध्ये ‘एमएसएक्सचेंज एडीॲक्सेस’ या स्रोताच्या दोन नोंदी शोधाव्या. २११४ ही नोंद टोपोलॉजीचा शोध फसला एवढेच सांगते. खरी किमती नोंद २०८०. तिच्यात एक्सचेंजला दिसलेल्या प्रत्येक डोमेन कंट्रोलरची एक ओळ असते आणि निरोगी ओळ अशी दिसते: सर्व्हरचे नाव, मग त्याच्या भूमिका सांगणारी ‘सीडीजी’ ही अक्षरे, आणि मग १ ७ ७ १ ० १ १ ७ १.

हे आकडे वाचायला शिकल्यास निम्मे काम तेथेच संपते. दुसरा आकडा पोहोच दाखवतो. ७ म्हणजे १, २ आणि ४ यांची बेरीज, म्हणजेच ग्लोबल कॅटलॉग, साधा डोमेन कंट्रोलर आणि मांडणीचा डोमेन कंट्रोलर या तिन्ही नात्यांनी तो पोहोचण्याजोगा आहे. तेथे ६ असेल तर ग्लोबल कॅटलॉगचे ३२६८ हे पोर्ट उत्तर देत नाही. ० असेल तर ३८९ सुद्धा बंद आहे, आणि मग प्रश्न नेटवर्क, फायरवॉल किंवा डीएनएसचा आहे, एक्सचेंजचा नव्हे. पाचवा आकडा पीडीसीसंबंधी आहे, त्यावर वेळ घालवू नये. सहावा मात्र महत्त्वाचा: तो ० असेल तर पोहोच आहे पण अधिकार नाही. डोमेन कंट्रोलरवर ‘मॅनेज ऑडिटिंग अँड सिक्युरिटी लॉग’ हा अधिकार ‘एक्सचेंज सर्व्हर्स’ या गटाला असावा लागतो, आणि तो डोमेन कंट्रोलरच्या मूळ ग्रुप पॉलिसीतून दिला जातो. कोणी ती पॉलिसी बदलली, किंवा त्याच अधिकाराची दुसरी पॉलिसी वरून लादली, तर गटाचे नाव यादीतून गळून जाते. चालू सर्व्हर तसाच काही दिवस चालत राहतो आणि पुढच्या रीस्टार्टला पडतो, त्यामुळे दोष विजेवर किंवा अपडेटवर जातो. त्या पॉलिसीत गटाचे नाव पुन्हा घालावे, डोमेन कंट्रोलरवर पॉलिसी ताजी करून घ्यावी आणि टोपोलॉजी सर्व्हिस सुरू करावी. पुन्हा इन्स्टॉल करण्याची काही गरज नाही. आठवा आकडा नेटलॉगॉनचा, तोही ७ हवा. तो ० असल्यास वर सांगितलेल्या सिसव्हॉल आणि नेटलॉगॉनच्या तपासणीकडे परत जावे.

यादीत एकही डोमेन कंट्रोलर नसेल तर डीएनएसकडे पाहावे. लहान कार्यालयांत मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेला दोष हाच आहे: एक्सचेंजच्या नेटवर्क कार्डावर पहिला डीएनएस डोमेन कंट्रोलरचा आणि दुसरा, ‘इंटरनेट बंद पडू नये म्हणून’, ८.८.८.८. रोजच्या दिवशी हे चालून जाते. पण मशीन उठताना डोमेन कंट्रोलर काही सेकंद गप्प राहिला की विंडोज दुसऱ्या डीएनएसकडे वळते. आपल्या अंतर्गत डोमेनची नोंद त्याच्याकडे नसतेच, आणि तो ‘असे नाव अस्तित्वात नाही’ असे ठामपणे सांगतो. उत्तर न मिळणे आणि नकारार्थी उत्तर मिळणे यांत फरक आहे. नकार मिळाल्यावर विंडोज तो काही काळ लक्षात ठेवते आणि पहिल्याकडे लगेच परत जात नाही. एक्सचेंजच्या कार्डावर फक्त अंतर्गत डीएनएस असावेत. बाहेरची नावे शोधण्याचे काम डोमेन कंट्रोलरवरच्या डीएनएसने फॉरवर्डरमार्फत करावे.

आयपीव्ही६ची खूण कार्डावरून काढून टाकण्याची एक जुनी सवय आपल्याकडे आहे. ती काढल्याने प्रोटोकॉल पूर्ण बंद होत नाही, अर्धवट राहतो, आणि अशा सर्व्हरवर टोपोलॉजी सर्व्हिस अडल्याची उदाहरणे आहेत. खूण परत लावावी. खरोखरच बंद करायचे असेल तर रजिस्ट्रीतून पूर्ण बंद करावे, पण मी तसे करण्याचा सल्ला देत नाही.

घड्याळही पाहून घ्यावे. केर्बेरॉसला, म्हणजे डोमेनमधल्या ओळख-पडताळणीच्या पद्धतीला, मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांपेक्षा जास्त तफावत चालत नाही. जुन्या यंत्राच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असेल तर वीज पूर्ण गेल्यावर यंत्राचे घड्याळ काही वर्षे मागे जाते, आणि हायपर-व्ही तीच वेळ पाहुण्या (व्हर्च्युअल) मशीनला देते. दोन्ही मशीन एकाच यंत्रावर असल्याने दोघांची वेळ सारखीच चुकते, त्यामुळे आपापसांत तफावत दिसत नाही. पण प्रमाणपत्रे ‘अजून सुरू न झालेली’ ठरतात आणि लॉगमधल्या नोंदी जुन्या तारखांच्या खाली जाऊन बसतात. ‘लॉगमध्ये काहीच नाही’ असे कोणी म्हणाले की मी आधी तारीख विचारतो.

मशीनचे डोमेनशी असलेले नातेही एका आज्ञेत तपासता येते: पॉवरशेलमधली ‘टेस्ट-कॉम्प्युटर-सिक्युअर-चॅनेल’ ही आज्ञा खरे किंवा खोटे एवढेच सांगते. तसेच ‘एनएलटेस्ट’ या आज्ञेला साइटचे, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नोंदलेल्या ठिकाणाचे, नाव विचारावे. नाव न येता १९१९ ही एरर आली तर सर्व्हरचा आयपी पत्ता ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या कोणत्याही सबनेटशी (पत्त्यांच्या मालिकेशी) जोडलेला नाही. ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’मध्ये सबनेट जोडून नेटलॉगॉन रीस्टार्ट करावे. राउटर बदलताना पत्त्यांची मालिका बदललेल्या कार्यालयांत हे हमखास सापडते.

एवढे झाले की टोपोलॉजी सर्व्हिस एकटी सुरू करावी, २०८० ची नवी ओळ नीट आली आहे हे पाहावे, आणि मगच इन्फर्मेशन स्टोअर व ट्रान्सपोर्ट सुरू करावे. दहापैकी आठ वेळा गोष्ट येथेच संपते.

आता उरलेल्या प्रसंगांविषयी, कारण टोपोलॉजी सुरू होऊनही एखादी सर्व्हिस हटून बसते असे होऊ शकते. त्या वेळी एरर बहुधा १०६८ नसेल. १०५३ असेल तर सर्व्हिसने ठरलेल्या मुदतीत, म्हणजे मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंदांत, विंडोजला उत्तर दिले नाही. याचे कारण बहुतेक वेळा मशीनची दमछाक हे असते. एक्सचेंज २०१९ च्या मेलबॉक्स सर्व्हरसाठी मायक्रोसॉफ्टची किमान शिफारस १२८ जीबी मेमरीची आहे, आणि आपल्याकडची लहान कार्यालये ते १६ किंवा ३२ वर चालवतात. इतर वेळी ते निभते. मशीन उठताना डझनावारी सर्व्हिसेस एकदम डिस्क व मेमरी मागतात तेव्हा निभत नाही. हायपर-व्हीची डायनॅमिक मेमरी चालू असेल तर ती बंद करून मशीनला ठरावीक मेमरी द्यावी. एक्सचेंजसाठी डायनॅमिक मेमरीला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबाच नाही. रजिस्ट्रीत मुदत ३० वरून वाढवता येते आणि तात्पुरती सुटका म्हणून मी ती वाढवतोही, पण त्याला दुरुस्ती म्हणू नये.

ट्रान्सपोर्ट सुरू होऊन लगेच पडत असेल तर पोर्टची टक्कर तपासावी. एक्सचेंज २०१३ नंतर पोर्ट २५ वर ‘फ्रंटएंड ट्रान्सपोर्ट’ ऐकते, तर मुख्य ट्रान्सपोर्ट सर्व्हिस २५२५ वर. स्कॅनर-प्रिंटर किंवा एखाद्या लेखा प्रणालीला मेल पाठवता यावे म्हणून कोणी नवा रिसीव्ह कनेक्टर (मेल स्वीकारण्याचे दार) बनवतो, आणि बनवताना भूमिका ‘हब ट्रान्सपोर्ट’ व पोर्ट २५ निवडतो. तेव्हापासून एकाच पोर्टवर दोन दावेदार होतात. जो आधी उठेल त्याला पोर्ट मिळते, म्हणून हा दोष लहरी वाटतो: एका रीस्टार्टला सगळे ठीक, दुसऱ्याला ट्रान्सपोर्ट बंद. ‘नेटस्टॅट’मध्ये पोर्ट २५ कोणत्या प्रोसेसकडे आहे ते पाहावे आणि त्या कनेक्टरची भूमिका ‘फ्रंटएंड ट्रान्सपोर्ट’ करावी.

ट्रान्सपोर्ट ‘मायक्रोसॉफ्ट फिल्टरिंग मॅनेजमेंट’ सर्व्हिसवरही अवलंबून असते, आणि मेलमधले व्हायरस तपासणारे इंजिन तिच्याच छत्राखाली चालते. हे इंजिन स्वतः किती गोंधळ घालू शकते ते १ जानेवारी २०२२ ला जगभर दिसले. इंजिनाच्या माहितीचा आवृत्ती-क्रमांक वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिला जात असे आणि तो ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात साठवला जाई, ज्यात २१४७४८३६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. २०२१ संपेपर्यंत क्रमांक २१ ने सुरू होत होते तोवर ते मावले. नव्या वर्षाचा पहिला क्रमांक २२०१०१०००१ आला आणि इंजिन उघडेना. एक्सचेंज २०१६ आणि २०१९ वरचे मेल रांगेत अडकले. मायक्रोसॉफ्टने दिलेल्या दुरुस्तीत आवृत्तीचा क्रमांक २११२३३०००१ ठेवला गेला, म्हणजे २०२१ च्या डिसेंबरची ३३ तारीख, आणि तो हेतुपुरस्सर होता. त्या घटनेतही मेलचे किंवा रांगेचे डेटाबेस धडधाकट होते. ज्यांनी घाबरून ते पुसले त्यांनी विनाकारण नुकसान करून घेतले.

रांगेचा डेटाबेस खरोखर खराब झाला आहे असे केव्हा म्हणावे? ट्रान्सपोर्ट पडताना ॲप्लिकेशन लॉगमध्ये ईएसई या एक्सचेंजच्या डेटाबेस इंजिनाच्या नोंदी ‘मेल डॉट क्यू’ या फाइलचे नाव घेऊन तक्रार करत असतील तेव्हा, आणि डिस्कवर जागा आहे याची खात्री झाल्यावरच. अचानक वीज गेल्यावर हे घडू शकते हे खरे. तेव्हाही फोल्डर पुसू नये. ट्रान्सपोर्ट बंद ठेवून ‘क्यू’ या फोल्डरचे नाव बदलावे आणि सर्व्हिस सुरू करावी. एक्सचेंज नवा रिकामा डेटाबेस स्वतः बनवते. जुन्या फोल्डरात न गेलेले मेल असतात, शिवाय पोहोचलेल्या मेलची मूळ सेटिंगप्रमाणे २ दिवसांची जी प्रत ‘सेफ्टी नेट’ ठेवते तीही त्याच फाइलमध्ये असते. नंतर तो डेटाबेस दुरुस्त करून त्यातले मेल मिळवता येतात. पुसल्यावर काहीच मिळत नाही.

जागेचा प्रश्न वेगळा सांगतो, कारण त्यात लोक सर्वांत मोठी चूक करतात. डिस्क भरत आली की ट्रान्सपोर्ट आधी नवे मेल घेणे थांबवते, १५००६ ची नोंद करते आणि समोरच्याला ४५२ क्रमांकाचे ‘संसाधने अपुरी’ असे उत्तर देते. पूर्ण भरली तर डेटाबेस उघडता येत नाही आणि सर्व्हिस पडते. जागा करण्यासाठी आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरचे जुने लॉग आणि एक्सचेंजच्या ‘लॉगिंग’ फोल्डरातली निदानाची फाइल काढता येतात. आयआयएसचे लॉग तर आपोआप कधीच साफ होत नाहीत आणि वर्षानुवर्षे साचतात. पण मेलबॉक्स डेटाबेसच्या शेजारी असलेल्या, प्रत्येकी १ एमबीच्या हजारो फाइल म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉग. त्यांच्या नावात लॉग हा शब्द आहे म्हणून त्या नोंदवह्या नव्हेत. डेटाबेसमध्ये अद्याप न उतरलेले बदल त्यांतच असतात. त्या कधीही हाताने पुसू नयेत. एक्सचेंज ओळखणाऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरने पूर्ण बॅकअप घेतला की त्या आपोआप कमी होतात. कमी होत नसतील तर बॅकअप नीट चालत नाही, आणि ती वेगळी व गंभीर बातमी आहे.

येथेच ईएसईयूटिलच्या सल्ल्याचेही उत्तर आहे. इन्फर्मेशन स्टोअर ही सर्व्हिस सुरू न होणे आणि एखादा डेटाबेस माउंट न होणे (वापरासाठी उघडला न जाणे) या दोन निराळ्या तक्रारी आहेत. एक्सचेंज २०१३ पासून प्रत्येक डेटाबेससाठी स्वतंत्र वर्कर प्रोसेस चालते, म्हणून खराब डेटाबेसमुळे ही सर्व्हिसच सुरू होत नाही असे सहसा घडत नाही. सर्व्हिस सुरू होऊन डेटाबेस माउंट होत नसेल तर आधी डेटाबेस आणि लॉग यांची पूर्ण प्रत दुसरीकडे काढावी, मग ईएसईयूटिलने फक्त शीर्षनोंद वाचावी. ‘डर्टी शटडाउन’, म्हणजे नीट बंद न झाल्याची खूण, दिसले तरी बहुधा काही हरवलेले नसते. माउंट करताना एक्सचेंज आवश्यक लॉग स्वतः वाचून बदल पूर्ण करते. एखादा आवश्यक लॉग अँटिव्हायरसने उचलून नेलेला असेल तर क्वारंटाइनमधून तो परत आणावा आणि एक्सचेंजची फोल्डरे तपासणीतून वगळावीत. ईएसईयूटिलची पी पर्यायाची दुरुस्ती ही वाचता न येणारी पाने फेकून देऊन बाकीचे जोडते, आणि तिच्यानंतर सर्व मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये हलवावेच लागतात. बॅकअप नसेल आणि लॉगही नसतील तेव्हाच तिचा विचार करावा.

अपडेटचा उल्लेख प्रश्नात नाही, तरी सोमवारच्या रीस्टार्टमध्ये एखादे अर्धवट अपडेट पुढे सरकले असण्याची शक्यता पाहून घ्यावी. सिक्युरिटी अपडेट सुरू होताना एक्सचेंजच्या सर्व्हिसेस डिसेबल करून ठेवते आणि शेवटी पूर्ववत करते. मध्येच वीज गेली तर त्या डिसेबलच राहतात. अशा वेळी सुरू करायला गेल्यास १०५८ ही एरर येते. सर्व्हिसेसची खिडकी उघडून एक्सचेंजच्या ज्या सर्व्हिसेस डिसेबल दिसतील त्या ऑटोमॅटिक कराव्या. पॉप३ आणि आयमॅप४ मूळच्याच मॅन्युअल असतात, त्या आपण वापरत नसाल तर तशाच राहू द्याव्या. नंतर तेच अपडेट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून पुन्हा चालवावे, फाइलवर डबल-क्लिक करून नव्हे. आणखी एक फसवा प्रकार असा की सर्व सर्व्हिसेस ‘रनिंग’ दिसतात पण मेल येत नाही, समोरच्याला ४२१ ४.३.२ असे उत्तर जाते. तेव्हा अपडेटने सर्व्हरचे घटक ‘इनॲक्टिव्ह’ करून ठेवलेले असतात. शेलमध्ये ‘गेट-सर्व्हर-कंपोनंट-स्टेट’ने ते दिसतात, आणि ज्या विनंतीकर्त्याच्या नावाने ते बंद झाले त्याच नावाने ते सुरू करावे लागतात.

सर्व काही चालू झाल्यावर हायपर-व्हीच्या दोन सेटिंग त्याच दिवशी बदलून घ्याव्यात. एक्सचेंजच्या मशीनला ‘ऑटोमॅटिक स्टार्ट डिले’ किमान ३०० सेकंद द्यावा, डोमेन कंट्रोलरला शून्य. आणि ‘ऑटोमॅटिक स्टॉप ॲक्शन’ मूळ सेटिंगमध्ये स्थिती साठवून ठेवते, ते बदलून पाहुणे मशीन रीतसर शट डाउन होईल असे करावे, कारण साठवलेल्या स्थितीतून उठवणे एक्सचेंजला मान्य नाही. यूपीएसचे सॉफ्टवेअर यंत्राला बॅटरी संपण्याआधी बंद होण्याचा निरोप देते का, हे एकदा प्लग काढून प्रत्यक्ष पाहावे. दुसऱ्या, स्वतंत्र यंत्रावर आणखी एक डोमेन कंट्रोलर उभा करता आला तर या संपूर्ण उत्तरातला निम्मा भाग आपल्याला पुन्हा वाचावा लागणार नाही. त्यासाठी साधा, जुना सर्व्हरही चालतो. एक्सचेंज २०१६ आणि २०१९ यांची मदतीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हेही संचालकांच्या पुढच्या सभेत मांडावे आणि एक्सचेंजच्या सबस्क्रिप्शन एडिशनकडे जाण्याचा खर्च त्याच टिपणात द्यावा.

एवढे करूनही टोपोलॉजी सुरू झाली नाही तर चार गोष्टी कळवाव्यात: ६००५ नंतरची सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरची पहिली लाल नोंद, २०८० ची संपूर्ण ओळ, एक्सचेंजच्या मशीनवरील ‘आयपीकॉन्फिग’चा पूर्ण निकाल आणि डोमेन कंट्रोलरवरील ‘डीसीडायग’चा निकाल. डोमेनचे खरे नाव व बाहेरचे आयपी पत्ते झाकून पाठवावेत. अंतर्गत पत्ते मात्र झाकू नयेत, कारण सबनेटचा दोष त्यांतूनच दिसतो.